बेचाळीस दिवसांचा महिना

"तुमचा पगार आला काल," बायको म्हणाली, आणि त्याच्या हातातला पाव चहात बुडून तिथेच राहिला. ती पाठमोरी होती. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर डोळे लावून उभी होती, आणि नळाला पाणी आलं म्हणावं तसं तिने ते म्हटलं होतं. "नाताळाच्या आधीच दिला यंदा. बरं झालं बाई, पोरगी शुक्रवारी येतेय, तिच्या बुटांचं बघता येईल." तो "हो का," म्हणाला. असं म्हणायला हवं होतं की नव्हतं, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. पगार आला म्हणे! पावाचा तुकडा सुटून कपाच्या तळाशी गेला आणि तो नुसता बघत बसला. डिसेंबरची एकवीस तारीख होती, बुधवार होता, आणि ज्या नोकरीचा पगार आला होता ती नोकरी ऑगस्टअखेर सुटली होती. सुटली कसली, गेली होती. हे ह्या घरात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. सप्टेंबरचा, ऑक्टोबरचा आणि नोव्हेंबरचा पगार त्याने स्वतःच दिला होता. निरोपाच्या वेळी कंपनीने हातावर जी रक्कम ठेवली होती तिच्यातून मोजून काढायचे, महिन्याच्या शेवटच्या दिवशी बँकेच्या मशीनमध्ये नोटा सारायच्या, आणि बायकोच्या घरखर्चाच्या खात्यात पगार जमा. कंपनीने बँक बदलली, आता असंच येणार, असं त्याने तिला सांगून टाकलं होतं. पण डिसेंबरचा पगार द्यायला त्याच्याजवळ पैसेच उरले नव्हते. चौथा हिस्सासुद्धा नाही. एकतीस तारखेला सगळं उघडं पडणार, बायकोसमोर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, ह्या एका विचाराने महिनाभर त्याची झोप उडाली होती. आणि आता पगार आला होता. कुणी दिला?

"गार झाला की चहा," ती म्हणाली. "आणि तोंड का असं पडलंय? आनंदाची बातमी दिली तर माणूस हसतो तरी." तो हसला. गाल हलले, एवढं खरं. किती आला, हे विचारायचं जिभेवर होतं, पण ते कसं विचारणार? बावीस वर्षं दीडशे माणसांचे पगार काढलेला माणूस आपला पगार किती आला हे बायकोला विचारतो होय! खातं तिच्या एकटीच्या नावावर. त्यात काय आलं ते तिलाच दिसणार. त्याने डबा घेतला, बूट चढवले, लेस बांधताना एकाच भोकातून दोनदा ओवली, पुन्हा सोडली. "दुकान बंद आहे ना तुझं आजपासून?" त्याने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करायची. "हो, दहा तारखेपर्यंत. मी आहे घरी दिवसभर," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच वळून तिने त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं त्याला वाटलं. की नाही? हल्ली त्याला सगळेच आपल्याकडे जरा जास्त वेळ बघतात असं वाटायचं.

जिना उतरताना त्याला काहीच खरं वाटेना. कठड्याचा गार लोखंडी पट्टा तळहाताला लागत होता, तेवढाच काय तो खरा होता. ऑगस्टमध्ये साहेबांनी बोलावून सांगितलं, तेव्हाही असंच झालं होतं. वजनकाट्यांचा कारखाना तो. दुकानातल्या काट्यापासून ट्रक उभा करायच्या काट्यापर्यंत सगळं तिथे बनायचं, आणि साहेबांच्या टेबलावर एक जुना पितळी तराजू होता. साहेब बोलत होते आणि हा त्या तराजूच्या काट्याकडे बघत होता. काटा मधोमध होता, जरासुद्धा हलत नव्हता. "तुमचं काम आता बाहेरची कंपनी करणार, संगणकावर. उरलंसुरलं बघायला एक मुलगी घेतलीय." बावीस वर्षांचं काम, त्यातलं उरलंसुरलं एका मुलीला पुरेल एवढं! तो उठून "बरं साहेब" म्हणाला होता. माणूस कसा असतो बघा. डोक्यावर छप्पर कोसळत असताना 'बरं साहेब' म्हणतो. मग घरी आला, आणि बायकोने "आज उशीर?" विचारलं, आणि त्याने "महिनाअखेर ना," म्हणून सांगितलं. तेवढ्यावरच सगळं उभं राहिलं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत करत चार महिने झाले.

रस्त्यावर येईपर्यंत त्याच्यातला हिशेबनीस जागा झाला होता. कारखान्याने चुकून दिला असणार! बाहेरच्या कंपनीने जुनी यादी उचलली, त्यात त्याचं नाव राहून गेलं आणि नेहमीच्या, बायकोच्या खात्यात पगार पडला, दुसरं काय? अशा चुका होतात. त्याच्या हातून झाल्या नव्हत्या, पण होतात. मग क्षणभर त्याला इतकं हलकं वाटलं की तो चक्क रस्त्यात थांबला. एक महिना मिळाला! पण लगेच हिशेबाची दुसरी बाजू दिसली. चूक आज ना उद्या सापडणार, कारखान्यातून पत्र येणार, पत्र बायकोच्याच हातात पडणार. शिवाय पैसे आपले नाहीत. ह्या एका बाबतीत तो फार कडक माणूस होता. बायकोशी चार महिने खोटं बोलणारा हा माणूस दुसऱ्याचा एक पैसा ठेवून घ्यायला तयार नव्हता, हे हसण्यासारखं आहे, पण तसंच होतं. आणि ह्या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट ठसठसत होती, तिचा त्याला रागसुद्धा आला होता. एकवीस तारखेच्या आत पगार दिला? त्या कारखान्यात? त्याची पाठ फिरायचा अवकाश, लगेच?

कारण कारखान्यात सगळे त्याला एकतीसराव म्हणायचे ते उगीच नव्हे. दरवर्षी डिसेंबर उजाडला की माणसं त्याच्या टेबलाभोवती घुटमळायला लागायची. आजूबाजूचे कारखाने नाताळाच्या आधी पगार देतात, आपण का नाही? साहेब म्हणायचे, मला काय, एकतीसरावांना विचारा. आणि एकतीसराव खणातून एक कागद काढायचे. त्या कागदावर त्याने पट्टीने चौकोन आखले होते, बरोबर बेचाळीस. "वीस तारखेला दिला तर पुढचा पगार एकतीस जानेवारीला. मोजा. बेचाळीस दिवसांचा महिना होतो. सुट्टीत खिसा मोकळा करून याल आणि पंधरा जानेवारीला माझ्याकडेच उचल मागायला याल. तेव्हा काय करू?" माणसं पुटपुटत जायची. कोणी म्हणायचं, ह्याच्या छातीत काळजाच्या जागी काटा बसवलाय. त्याला ऐकू यायचं. ऐकू आलं तरी तो तो कागद नीट घडी घालून परत खणात ठेवायचा.

पाय सवयीने त्याला इस्पितळाकडे घेऊन आले होते. रोज तो इथेच यायचा. दिवसभर माणसाने जायचं तरी कुठे? वाचनालयात म्हातारे ओळख काढतात, बागेत थंडी वाजते. सरकारी इस्पितळाची बाह्यरुग्णांची दालनं मात्र उबदार, खुर्च्या भरपूर, आणि डबा मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला कोणी हटकत नाही. त्याने वारसुद्धा लावून घेतले होते, हो, सवय कुठे जाते! सोमवारी हाडांचा विभाग, तिथे लोक सर्वांत जास्त वेळ ताटकळतात. मंगळवारी कान-नाक-घसा, बुधवारी डोळे. गुरुवारी कर्करोग, कारण तिथे कोणी कोणाला 'तुम्हाला काय झालंय' असं विचारत नाही. शुक्रवारी पुन्हा हाडं. आज डोळे. तो खुर्चीवर बसला. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत जाणारी. शेवटची ओळ त्याला आज दिसेना.

दिसली ती लाल तीनचाकी सायकल. ही गोष्ट त्याने कारखान्यात कोणाला कधी सांगितली नव्हती. बायकोला मात्र सांगितली होती, लग्न झाल्यावर पहिल्याच डिसेंबरात. वडील काचेच्या कारखान्यात होते. तो सहा वर्षांचा असताना त्या कारखान्याने एकदा नाताळाच्या आधी पगार दिला, आणि वडील गाणं गुणगुणत घरी आले. त्यांना गाता येत नसे. आईला निळा कोट, ह्याला लाल सायकल, घरात फळं, टेबलावर नवं मेणकापड. काय तो आठवडा! मेणकापडाचा तो नवा वास अजून कुठे आला तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि त्याच क्षणी छातीत धस्स व्हायचं. कारण जानेवारी आला आणि संपेचना. आईने कोळशाने चुलीमागच्या भिंतीवर रेघा ओढल्या होत्या, रोज एक पुसायची. कोट गेला. मग एकोणीस तारखेला सायकल गेली. दुकानापर्यंत ती त्यानेच ढकलत नेली, वडील दोन पावलं मागे. दुकानदाराने चाक फिरवून पाहिलं, निम्मे पैसे दिले. त्यानंतर रोज कामावरून आल्यावर ते घरात न येता जिन्यावरच बसून राहायचे, टोपी हातात घेऊन, आणि आई दार उघडायची नाही. ते अजून कामावरच आहेत असं धरून ती ताट वाढून ठेवायची. त्याला तेव्हा वाटायचं, वडिलांना किती दूर जावं लागतं कामाला! ते सहा पायऱ्यांवर होते. आता त्याला वाटलं, आपणही टोपी हातात घेऊन बसलोय, फक्त पायऱ्या तेवढ्या दूरच्या निवडल्या.

आणि पॅकिंगवाली. तिला का आठवायचं होतं आज? पण आठवली. सात वर्षांपूर्वी अशाच एका डिसेंबरात काटे खोक्यात भरणारी ती बाई त्याच्या टेबलापाशी आली, तिची आई दूरच्या गावी आजारी होती, तिकिटाला पैसे हवे होते. "सगळ्यांना नका देऊ, मला एकटीला द्या." त्याने कागद काढला. खरंच काढला! "एकाला दिला की सगळ्यांना द्यावा लागतो, बाई." ती चौकोनांकडे बघत राहिली. तिची आई सत्तावीसला गेली. एकतीसला ती पगाराला आली, सही केली, पाकीट घेतलं, आणि एक अक्षर बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "पुढचा नंबर!" कोणीतरी ओरडलं, आणि एका म्हातारीने त्याच्या खांद्याला हात लावून "तुमचा आहे का हो?" असं विचारलं, आणि तो दचकून उभा राहिला. उभा राहिला तसा चालायलाच लागला, थेट कारखान्याकडे. पैसे कधी आणि कसे परत करतो, ते लिहून देऊन यायचं. मग जे होईल ते होईल.

फाटकावरच्या रखवालदाराने त्याला पाहून सलाम ठोकला. "अरे, एकतीसराव! किती दिवसांनी! जा की आत, तुमचंच घर आहे." हिशेबाच्या खोलीत त्याच्या खुर्चीवर ती मुलगी होती, तिने खुर्चीला उशी लावून घेतली होती. त्याने नाव सांगितलं, तशी ती गडबडून उठलीच. त्याने वाक्य वाटेत पाठ केलं होतं: यादीत चुकून माझं नाव राहिलं, नाताळाआधीचा पगार माझ्या बायकोच्या खात्यात जमा झालाय, तो परत कसा करायचा ते सांगा. मुलीने भुवया उंचावल्या. तिने पडद्यावर बोट खालीवर फिरवलं. "तुमचं नाव नाहीये, काका. सप्टेंबरपासूनच नाहीये." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "आणि पगार तर अजून कुणाचाच झालेला नाही. एकतीसलाच होणार."

"म्हणजे? नाताळाच्या आधी दिला नाही?"

"छे! साहेब देणार होते. लोकांनी सह्यांचा अर्ज केला होता. पॅकिंगच्या बाई तर केवढ्या भांडल्या. पण साहेबांना तुमचा तो कागद आठवला. मला म्हणाले, शोधून काढ आणि लाव भिंतीवर. ते म्हणाले, माणूस गेला तरी त्याचं म्हणणं खरं होतं, राहू दे एकतीस." तिने मागे बोट दाखवलं. भिंतीवर, चार टाचण्यांनी, बेचाळीस चौकोन. त्याच्या पट्टीचे, त्याच्या पेन्सिलचे. एका कोपऱ्यात चहाचा गोल डाग, तोही त्याचाच.

माणूस नको होता आणि कागद हवा होता. ते जाऊ दे, ते बोचलं पण ते नंतर बोचणार होतं, रात्री-अपरात्री, आयुष्यभर. आत्ता डोक्यात एकच घण बसत होता: कारखान्याने पगार दिला नाही. कोणालाच नाही. मग काल बायकोच्या खात्यात आलं काय? आणि न आलेला पगार आला असं ती का म्हणाली? ती, जिला लाल सायकल माहीत होती, जिला बेचाळीस चौकोन माहीत होते, जी दर डिसेंबरात त्याला चिडवायची की देवाने सांगितलं तरी तुम्ही एकतीसच्या आत पगार देणार नाही! जगात एका माणसाला ह्या कारखान्यात लवकर पगार होत नाही हे पक्कं ठाऊक असेल तर ती हीच. "पाणी देऊ का, काका?" मुलगी विचारत होती. तो नको म्हणाला, बाहेर आला, आणि फाटकाशी रखवालदाराने आपुलकीने विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना आता?"

"कोण?"

"वहिनी हो! आल्या होत्या ना ऑक्टोबरात, तुमची चौकशी करायला. मला वाटलं तुम्हीच धाडलंत, राहिलेले कागद न्यायला. मी म्हटलं, एकतीसरावांची नोकरी तर ऑगस्टातच गेली की. तर आधी मटकन त्या बाकावर बसल्या, रडल्या. आणि मग काय सांगू, हसायलाच लागल्या! थांबेनात. मी घाबरलो, पाणी आणून दिलं." रखवालदार ओशाळून हसला. "बाईमाणूस, काय बोलणार आपण."

ऑक्टोबर. म्हणजे ऑक्टोबरचा पगार त्याने मशीनमध्ये भरला तेव्हा तिला माहीत होतं. नोव्हेंबरचा भरला तेव्हाही. रोज सकाळी डबा भरून देताना, "साहेब काय म्हणतात" विचारताना, आणि तो साहेबांचे रचलेले किस्से सांगताना ती पोट धरून हसायची तेव्हाही, माहीत होतं. तो चालत होता. बस गेली, त्याने हात केला नाही. लाज वाटत होती का? लाज तर होतीच, ती बोट दाखवता येईल इतकी होती. पण ती हसली का? नवऱ्याची नोकरी गेली हे कळल्यावर रडणारी बायको समजू शकते. हसणारी? ह्यात हसण्यासारखं काय होतं? त्या हसण्याची त्याला रागापेक्षाही भीती वाटली. बावीस वर्षं शेजारी झोपलेलं माणूस, आणि ते एका बाकावर बसून का हसलं हे आपल्याला सांगता येऊ नये. तीनच वाजले होते. चार महिन्यांत तो पहिल्यांदा दिवसाउजेडी आपल्या जिन्यात शिरला, आणि शेवटच्या सहा पायऱ्या राहिल्या तेव्हा थांबला. थांबू नकोस, त्याने स्वतःला म्हटलं. जोरात म्हटलं असावं, कारण वर दार उघडलं.

"या," ती म्हणाली. "लवकर आलात."

ती परत शिवायला बसली. टेबलावर हिरवट कापडाचा ढीग होता, इस्पितळातल्या रोग्यांचे झगे, बाह्या उसवलेले. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "पगार झाला नाहीये," तो म्हणाला. "कारखान्यात कोणाचाच झाला नाही."

"माहीत आहे." तिने दोरा दाताने तोडला. "माझा झालाय. दुकानवालीने दिला सुट्टीआधी. तोच."

"मग माझा आला असं का म्हणालीस?"

"काय करू? किती दिवस वाट बघायची? तुम्ही काही सांगायला तयार नाही. वाटलं, जी गोष्ट होणंच शक्य नाही ती झाली म्हणून सांगावी, मग तरी हा माणूस बोलेल. तर तुम्ही म्हणालात, हो का!" तिचा आवाज चढला, आणि चढता चढता फाटला. "हो का, म्हणे!"

"तू हसलीस," तो म्हणाला. "फाटकाशी. रखवालदार म्हणाला. माझी नोकरी गेली हे कळलं आणि तू हसलीस."

तिने एक झगा ढिगातून ओढला, मांडीवर पसरला, त्याच्या नाड्या सरळ करत राहिली. "हे झगे आमच्याकडे येतात दुरुस्तीला. सप्टेंबरअखेर मी गठ्ठा पोचवायला गेले होते तिथे. गुरुवार होता. कर्करोगाच्या दालनातून आडवं जावं लागतं. तिथे तुम्ही बसला होतात. डबा मांडीवर घेऊन."

त्याने हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"मी खांबाआड उभी राहिले. म्हटलं, आत्ता आतून बोलावतील. तासभर उभी होते. तुम्ही डबा उघडला, अर्धा खाल्लात आणि झाकण लावलंत. म्हटलं, जेवण जात नाही ह्यांना. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले, तुम्ही तिथेच. अठरा दिवस, अहो. अठरा दिवस मी तुमच्या शेजारी झोपत होते आणि रात्री तुमचा श्वास मोजत होते. मला सांगत नाहीत म्हणजे शेवटचं असणार, असं धरून चालले होते. पोरीला कसं सांगायचं ते ठरवत होते. अठराव्या दिवशी नावनोंदणीच्या खिडकीवरच्या बाईच्या हातापाया पडले, तिने सगळी रजिस्टरं काढली. तुमच्या नावाचा कागदच नाही. कुठल्याच विभागात नाही. मग कारखान्यात गेले." तिने मान वर केली. डोळे वाहत होते आणि तोंड मात्र तसंच, त्या बाकावरच्यासारखं, हसत होतं. "रखवालदार म्हणाला, नोकरी गेली. नुसती नोकरी! मग मी हसू नको तर काय करू?"

तो खाली बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवरच, हिरव्या कापडांशेजारी. गुरुवारी तिथे कोणी काही विचारत नाही म्हणून त्याने ते दालन निवडलं होतं, किती हुशारीने निवडलं होतं! त्याने सांगायचा प्रयत्न केला, की मला फक्त बसायला जागा हवी होती. ती उठली, त्याच्या हातातला डबा काढून घेतला, उघडून बघितला. भरलेलाच होता. तिने तो त्याच्यासमोर ठेवला. मग खडूचा तुकडा घेऊन, कापड बेतायला घेतात तो, टेबलाच्या कडेवर एक रेघ ओढली, शेजारी दुसरी, तिसरी. "दुकान पुन्हा पगार देणार एकतीस जानेवारीला," ती म्हणाली. "बेचाळीस होतात ना? तुम्हीच मोजा, मला घाई होते." त्याने मोजलं. बेचाळीसच होत्या. तिने पहिली बोटाने पुसून टाकली.

"जेवा आता," ती म्हणाली. "आणि उद्या गुरुवार आहे. उद्या घरीच बसा."